धुळीच्या वादळात गाडीचे दिवे का विझवायचे?

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या धुळीच्या भिंतीचा एखादा व्हिडिओ फिरत फिरत घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतो आणि लगेच फोन येतात, "अरे, हे तुमच्याकडचंच ना? तुम्ही सगळे बरे आहात ना?" ५ जुलै २०११ ला फिनिक्स शहरावर चालून आलेली भिंत दीड किलोमीटरहून उंच आणि जवळजवळ १६० किलोमीटर रुंद होती. असं काही बघितल्यावर फोन येणारच. पण गाडी चालवताना मला त्या भिंतीची तितकी धास्ती वाटत नाही. ती लांबून दिसते, हवामान खात्याचा इशारा फोनवर कर्कश वाजतो, एक्झिट घेऊन पेट्रोल पंपावर थांबायला सवड मिळते.

खरी धास्ती आहे ती दुसऱ्या धुळीची. लख्ख ऊन असतं, डोंगर स्वच्छ दिसत असतात, आणि एखाद्या मोकळ्या शेतातून उठलेला धुळीचा पट्टा हायवेला आडवा येतो. आत शिरेपर्यंत तो किती दाट आहे हे कळत नाही.

आम्ही टूसॉनला राहतो. फिनिक्सला जायचं तर आय-१० या हायवेशिवाय दुसरा सोयीचा रस्ता नाही, आणि त्याच्या मधोमध इलॉय ते पिकाचो हा टापू लागतो. सपाट जमीन, कापसाची शेतं, आणि त्यांच्यामध्ये पडीक राहिलेले मोठमोठे तुकडे. ही माती जुन्या ओढ्यांनी आणून टाकलेला बारीक गाळ आहे, कोरडी झाली की मैद्यासारखी उडते. २०२२ पासून कोलोरॅडो नदीच्या पाण्यात मोठी कपात झाली आणि इथल्या पिनाल काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) शेतकऱ्यांना बरीच जमीन पेरता आली नाही. ज्या जमिनीवर पीक नाही आणि गवतही धरत नाही, तिची माती वाऱ्याच्या तावडीत आयती सापडते.

वारा दोन तऱ्हांनी येतो. इथला मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. गडगडाटी ढग कोसळताना त्यातली थंड हवा जमिनीवर आदळते, चहूकडे पसरते आणि पुढ्यातली सगळी धूळ उचलते. त्या मोठ्या भिंती अशा तयार होतात. इतर महिन्यांत थंड हवेची लाट आली की नुसता सोसाट्याचा वाराही पुरतो. २९ ऑक्टोबर २०१३ ला पिकाचो पीकजवळ १९ गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ३ जण गेले, तेव्हा मान्सून संपून महिना होत आला होता.

या रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर. त्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोरचं संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ५० मीटर संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ८० लागतात. धुळीत दिसतं ते कधी ३० मीटर, कधी बॉनेटसुद्धा नाही. मागून ३६ टनांचा ट्रक येत असेल तर त्याचं गणित मांडायचीही गरज नाही.

म्हणून राज्याचं वाहतूक खातं २०१२ पासून एकच गोष्ट सांगतं आहे: बाजूला घ्या, जीव वाचवा. वेग कमी करत, मागे-पुढे बघत, दिसणं पूर्ण बंद व्हायच्या आत गाडी डांबर सोडून जितकी उजवीकडे नेता येईल तितकी न्या. मग सगळे दिवे बंद. हेडलाइट, टेललाइट, चारही इंडिकेटरसुद्धा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय काढा, सीटबेल्ट बांधूनच आत बसून राहा.

आई इथे आली होती तेव्हा परतताना धुळीचा असा पट्टा आडवा आला. मी गाडी पार खाली उतरवली, दिवे विझवले आणि ती मागून ओरडलीच, "अरे वेड्या, दिवे लाव आधी! कुणीतरी येऊन धडकेल!" तिचं म्हणणं अगदी साहजिक होतं. घाटात धुकं उतरलं की चारही इंडिकेटर लावायचे, हे आपल्या हातांना सवयीचं झालंय. पण धुळीत अडकलेला मागचा ड्रायव्हर रस्ता शोधत असतो. त्याला रस्त्याची रेघ दिसत नाही, फक्त दोन लाल ठिपके दिसतात. पुढची गाडी चालते आहे असं समजून तो त्या ठिपक्यांमागे येतो, आणि ठिपके रस्त्याच्या बाहेर उभे असतात. पायाचंही तेच, ब्रेक दाबलेला राहिला की मागचे दिवे पेटलेलेच. हे मी तिला सांगत होतो तेव्हा काचेवर वाळू चरचरत होती. शेजारून एक ट्रक गेला. तो दिसला नाही, फक्त आमची गाडी हलली. आई मग काही बोलली नाही, तिने माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

इलॉय-पिकाचोच्या त्याच टापूत २०२० पासून रस्त्याच्या दहा मैलांच्या तुकड्यावर धूळ ओळखणारी यंत्रणा आहे. एक रडार ४० मैलांहून लांबचं वादळ पकडतं, रस्त्याकडेचे सेन्सर दिसण्याचं अंतर मोजतात, आणि वेगमर्यादेचे आकडे आपोआप ७५ वरून ३५ पर्यंत उतरतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण डोळ्यांना पट्टा दिसण्याआधी वेग उतरलेला असतो. पण पुढचे सगळे मैल तसेच उघडे आहेत.

आणि वाळवंटातच हे घडतं असंही नाही. १ मे २०२३ ला इलिनॉयमध्ये, मक्या-सोयाबीनच्या मुलखात, नुकत्याच नांगरलेल्या शेतांची माती आय-५५ हायवेवर आली आणि ७२ गाड्या आदळल्या. ८ माणसं गेली. कॅलिफोर्नियात कोलिंगाजवळ २९ नोव्हेंबर १९९१ ला अशाच धुळीत १७ जण गेले होते, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुट्टीनंतर घरी परतणाऱ्यांच्या गर्दीत.

तुमच्यापैकी कुणी ग्रँड कॅन्यन बघायला येऊन भाड्याची गाडी घेणार असेल, तर चावी हातात आल्यावर पार्किंगमध्येच एक गोष्ट करून बघा: दिवे पूर्ण बंद कसे होतात? बऱ्याच नव्या गाड्यांत ते ऑटोवर असतात, आणि पुढचे दिवसा जळणारे दिवे काहींत हँडब्रेक ओढल्यावर विझतात, काहींत इंजिन बंद केल्यावरच. ते बटण धुळीत शोधायची वेळ येऊ देऊ नका.