बडोद्याहून एसटीने डोंगरवाटा: दिवाळीपर्यंतची नोंद

चौमासा सरला, डोंगर अजून हिरवे आहेत आणि ऊनही सोसवतं. चालायला हाच काळ. आतापर्यंतची प्रगती अशी: पावागड या डोंगरी किल्ल्याच्या वाटा चालून, वेळा लावून पूर्ण. जांबुघोड्याच्या जंगलाचा निम्मा भाग झाला. रतनमहालचं अभयारण्य अजून बाकी.

वाटा निवडताना एकच कसोटी लावली आहे. एसटीने जाणाऱ्याला, जिथे गाडी लावली तिथेच परत यायची सक्ती नसते. एका थांब्यावर उतरायचं, डोंगर किंवा जंगल ओलांडायचं आणि दुसऱ्याच थांब्यावरून घरी यायचं. ही सोय गाडीवाल्यांना नाही, तिचा पुरेपूर फायदा घ्यायला हवा. त्यासाठी आखणी मात्र उलटी करावी लागते: आधी परतीची शेवटची बस, मग तिच्या किमान दीड तास आधी थांब्यावर पोचायची वेळ, आणि त्यावरून सकाळी किती वाजता निघायचं ते.

पावागडने सुरुवात करा. स्टेशनजवळच्या मध्यवर्ती डेपोतून थेट पावागडची गाडी मिळते. ती लगेच नसेल तर थांबून राहू नका, हालोलवरून जाणारी गोध्र्याकडची कुठलीही गाडी पकडा. हालोल ते पावागड जेमतेम सात किलोमीटर आहे आणि तिथून लोकल बस, इको व्हॅन, छकडो रिक्षा काही ना काही मिळतंच. एकूण प्रवास साधारण दीड तासाचा. एक्सप्रेस मधल्या थांब्यांवर उभी राहत नाही, म्हणून चढतानाच कंडक्टरला उतरण्याचं ठिकाण सांगून खात्री करून घ्यावी. लोकलच्या वेळा पूछपरछच्या (चौकशीच्या) खिडकीवर आदल्या दिवशी विचाराव्यात, आणि विचारताना जायची नव्हे, यायची वेळ आधी विचारावी.

पायथ्याला चांपानेरला उतरल्यावर बहुतेक लोक माचीच्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या पठाराच्या, शटल बसकडे वळतात. आपण वळायचं नाही. जुनी पायवाट अटक दरवाजा, बुढिया दरवाजा, सदनशाह दरवाजा अशी चढत जाते आणि डांबरी रस्त्याची वळणं मधूनमधून कापते. रस्ता ओलांडला की समोरच्या बाजूला पायवाट लगेच दिसेलच असं नाही. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत असतं आणि इथेच माणसं चुकतात, रस्त्यानेच चालत राहतात आणि दुप्पट अंतर पडतं. अशा वेळी दगडी फरसबंदीचे तुकडे शोधा. जिथे दगड वापरून गुळगुळीत झालेत, ती खरी वाट. सदनशाह दरवाजापाशी जरा थांबा. तिथे वाट थेट खडक फोडून काढली आहे, दोन्ही अंगांना उंच भिंती. गड लढवणाऱ्यांना ही जागा का हवी होती, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने 1484 मध्ये गड घेतला तो दीर्घ वेढ्यानंतर. ही चढण पायाखालून गेली की त्या वेढ्याची लांबी पटते.

पायथा ते माची सव्वा तास, माची ते माथ्यावरचं कालिकामातेचं देऊळ आणखी सव्वा तास, हा सवयीच्या चालणाऱ्याचा हिशोब. गडाची उंची सुमारे 800 मीटर. पुण्याकडे सिंहगड आतकरवाडीवरून चढलेल्यांना एकूण चढ त्याहून थोडाच जास्त वाटेल, पण इथे ऊन फार लवकर अंगावर येतं. माचीच्या वर पायऱ्या आणि दुकानं सुरू होतात, त्यामुळे चहापाण्याची काळजी नाही. रोपवेने गेलं तरी शेवटच्या अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढाव्याच लागतात. नवरात्रात, मग ते चैत्रातलं असो वा आश्विनातलं, तसंच पौर्णिमेला आणि रविवारी या भागात चालायचा विचारही करू नये. रांगेत उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे.

देवीचं दर्शन झाल्यावर लगेच उतरू नका. दुधिया तलाव, छासियो तलाव आणि त्याच्याजवळचं लकुलीशाचं (शिवाचा अवतार मानलेल्या) मंदिर हा गडावरचा सर्वांत शांत आणि सर्वांत जुना कोपरा आहे. मंदिर दहाव्या-अकराव्या शतकातलं, पडझड झालेलं, पण मूर्तिकाम अजून वाचता येतं. नवलखा कोठार गर्दीच्या वाटेपासून बाजूला आहे. तिकडे जाताना कड्याच्या टोकापासून लांब राहा. गडाचा वरचा खडक रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीतून बनलेला आहे. तो भेगाळलेला असतो आणि कडेचा दगड भक्कम दिसला तरी हलतो. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर लावून येऊ नये आणि खाली धूर करू नये.

उतरताना खरी मजा आहे. माचीवरून पायीच खाली या, चांपानेरात केवडा मशीद आणि नगिना मशीद करा, आणि थेट हालोल रस्त्यावरच्या वर्तुळाकार वावीवर संपवा. ही सोळाव्या शतकातली विहीर. विहिरीच्या भिंतीला धरून सव्वा मीटरभर रुंदीचा जिना गोल गोल खाली उतरतो. पायरीची बाहेरची कड झिजलेली आहे, भिंतीकडचा हात भिंतीवरच ठेवावा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात शेवाळ असतं, तेव्हा वरूनच बघावी. वाव हालोलच्याच वाटेवर असल्यामुळे परत पायथ्याच्या थांब्यावर जावं लागत नाही. हात दाखवून लोकल किंवा छकडो, हालोल डेपो, आणि तिथून गोध्र्याहून बडोद्याला येणाऱ्या गाड्या संध्याकाळी उशिरापर्यंत असतात. पाचच्या सुमारास वावीजवळ असलात तर दिवस आरामात बसतो. विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. बडोद्यात काळाघोड्याच्या पुलावरून रोज जाणाऱ्यांनी तिचं वरचं, स्वच्छ पाणी एकदा श्रावणात जाऊन बघावं.

पाणी माणशी तीन लिटर. हिवाळ्यातही दोनच्या खाली नको. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत, कारण ओल्या पायऱ्यांवर सपाट तळवा टिकत नाही. उतारावर गुडघ्यांसाठी एक काठी. सुट्टे पैसे ठेवा.

जांबुघोड्याच्या बाबतीत सगळ्यांत मोठा घोळ बसच्या पाटीवरून होतो. बडोद्याहून बोडेलीला जाणारी गाडी सहसा डभोईवरून जाते, जांबुघोड्यावरून नाही. आपल्याला हवी ती हालोल, शिवराजपूर, जांबुघोडा, बोडेली या रस्त्याची. म्हणून आधी हालोल गाठायचं आणि तिथे बोडेलीची गाडी धरायची. हेच उलट फायद्याचंही आहे: जाताना हालोलवरून, येताना बोडेली-डभोईवरून. बोडेलीला बस चुकली तर छोटाउदेपूरहून बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनला येणारी रेल्वे आहे, तिची वेळ आधीच बघून ठेवावी.

जांबुघोडा ते झंड हनुमान हा साधारण अकरा किलोमीटरचा जंगलरस्ता. साग, बांबू, टेंभुर्णी, मोह, मध्येच ओढे. चढ फारसा नाही, पण जाऊन-येऊन बावीस होतात आणि हिवाळ्याच्या लहान दिवसात ते जड जातं. शनिवारी हनुमानाला गर्दी असते, त्यामुळे जाताना वाहन मिळून जातं. मग येताना पायी यावं. इतर वारी वाहनाचा भरवसा धरू नका. 130 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आणि फी भरूनच आत जायचं, अंधाराच्या आत बाहेर यायचं. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पडतात तेव्हा पहाटे ही वाट टाळावी. फुलं वेचायला माणसं येतात तशी अस्वलंही येतात, आणि अवचित समोर आलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं. एकट्याने जायचं नाही, बोलत चालायचं. मोबाईलला रेंज नसते, नकाशा घरूनच उतरवून घ्या. ओढ्यांना सप्टेंबरपर्यंत जोर असतो. पाणी गढूळ झालं आणि त्यात काटक्या वाहायला लागल्या की वर पाऊस झालाय असं समजून थांबावं.

या वाटेवरचा निम्मा भाग बाकी राहिला तो कडा धरणाकडचा. तिथून जांबुघोड्याला परत न येता मुख्य रस्त्यावर बाहेर पडणारी पायवाट नकाशावर दिसते, प्रत्यक्षात ती शेतांच्या कुंपणात अडते. दिवाळीनंतर पिकं निघाली की पुन्हा बघायचं आहे.

रतनमहाल एका दिवसात एसटीने होत नाही. आधी देवगड बारिया गाव, तिथून जंगलाजवळचं कंजेटा, आणि कंजेट्याच्या बाजूला रात्र काढणं ओघानेच आलं. आडगावच्या संध्याकाळच्या गाड्या बहुधा मुक्कामी असतात. गावात जातात, रात्री तिथेच राहतात आणि पहाटे सुटतात. शेवटची बस आहे म्हणून तिच्या भरवशावर संध्याकाळी बाहेर पडायला गेलात तर ती मिळते, पण निघते सकाळी. मुक्काम करणाऱ्याला मात्र हीच गाडी सोयीची: दिवसभर बारियात वेळ काढून तिनेच आत जायचं आणि दुसऱ्या दिवशी चालायला पूर्ण सकाळ हातात. कंजेट्याच्या मुक्कामी गाडीची सध्याची वेळ बारिया डेपोत कुणी विचारली असेल तर कळवा, त्यावर पुढची आखणी अडली आहे.