जर्मनीला निघालेल्या नर्सेससाठी: आधी कलम विचारा, मग पैशांचं बोला

मिरज-सांगलीकडच्या ज्युनिअर मुलींचे मेसेज हल्ली सारखे येतात आणि प्रश्न जवळपास तोच असतो. "ताई, एक एजंट म्हणतो चान्सनकार्टवर जा, दुसरा म्हणतो आउसबिल्डुंगवर जा. कुठला व्हिसा चांगला?" प्रत्येकीला फोनवर सांगणं ड्युटी सांभाळून जमत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, तिथेच आयसीयूत काम केलं आणि आता स्टुटगार्टजवळच्या हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे.

कुठला व्हिसा, हे तुमच्या हातातल्या कागदांवरून ठरतं. जर्मनीत परवान्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. आपलं शिक्षण तिकडच्या तोडीचं आहे का, हे त्या त्या राज्याचं सरकारी कार्यालय तपासतं. भारतात शिकलेल्या बहुतेकींना पूर्ण मान्यता लगेच मिळत नाही; काय कमी पडतंय ते लिहिलेलं पत्र येतं. तोच डेफिझिटबेशाइड. त्याने घाबरून जाऊ नका, तुमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. त्यावर दोन वाटा असतात: हॉस्पिटलात राहून अ‍ॅडॅप्टेशन कोर्स (कमी पडलेलं भरून काढणारा) किंवा परीक्षा. त्यासाठी येण्याचा व्हिसा जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम १६डीचा. परवाना हातात आला की कलम १८ए, आणि पूर्ण नर्सचा पगार.

हे कलम एवढं का धरून बसायचं? मार्च २०२४ पासून कुशल कामगाराला ३ वर्षांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, पण ती वर्षं १८ए लागल्यापासून मोजतात. १६डीवर काढलेला काळ त्यात धरत नाहीत. म्हणून परवाना जितका लवकर, तितकं बरं.

चान्सनकार्ट १ जून २०२४ ला सुरू झालं. ते नोकरी शोधण्यासाठी आहे. वर्षभराची मुदत, आठवड्याला २० तासांपर्यंत काम आणि खर्चाचे पैसे सहसा आधीच जर्मन खात्यात अडकवून दाखवायचे. इंजिनिअर मुलाला ते उपयोगी पडू शकतं. नर्सला तर भारतात बसून ऑनलाइन मुलाखती देऊन नोकरी मिळते, मग घरच्यांचे लाखो रुपये अडकवून इथे येऊन काय शोधायचं? आउसबिल्डुंग म्हणजे ३ वर्षांचं शिक्षण, पहिल्यापासून. बारावी झालेल्या मुलीसाठी तो उत्तम रस्ता आहे. पण व्हेंटिलेटरचा पेशंट एकटीने सांभाळलेल्या जीएनएम, बीएस्सी मुलींना एजंट तिकडे ढकलतात याची मला मनापासून चीड येते. त्यात एजंटची कटकट वाचते आणि मुलीची ३ वर्षं जातात.

तेव्हा एजंटला पहिला प्रश्न विचारा: माझा व्हिसा कुठल्या कलमाखाली? आणि डेफिझिटबेशाइड आधी येणार की नंतर? सरळ उत्तर आलं नाही तर उठून या. पैसे भरायची घाई तर अजिबात करू नका. नर्सेसच्या भरतीचा खर्च मालकाने करायचा, हे तत्त्व इथे सरकारी पातळीवर मान्य आहे. ते पाळणाऱ्या संस्थांना 'फेअर अनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' असा शिक्का मिळतो, तो बघा. हॉस्पिटलला जलद प्रक्रिया करायलाही सांगता येतं. त्याची सरकारी फी ४११ युरो. इथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची पूर्वसंमती आली की व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळायला हवी.

आता कागद. मार्कशीट पुरत नाही. कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट मागा आणि त्यात थिअरीचे तास वेगळे, वॉर्डचे तास वेगळे, तेही विषयवार लिहून घ्या: मेडिसिन, सर्जरी, पेडिअ‍ॅट्रिक, सायकियाट्री, कम्युनिटी. 'क्लिनिकल पोस्टिंग' असा एकच आकडा टाकून दिलात तर तपासणाऱ्याला काही कळत नाही आणि जे तुम्ही केलंय तेही कमी धरलं जातं. ऑफिसातले क्लार्क कंटाळा करतात. प्रिन्सिपल मॅडमना भेटा, नमुना छापून न्या.

भाषेचं थोडक्यात: परवान्याला बहुतेक राज्यांत जर्मन भाषेची बी२ पातळी लागतेच. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होते. नाइट करून अभ्यास होत नाही असं वाटेल, पण होतो. आणि बी२ घेऊन आलेलीला वॉर्डात पहिल्या आठवड्यापासून माणसासारखं वागवतात, हे मी रोज बघते.

करारात एक कलम नक्की वाचा: ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत करायचे. आकडा स्पष्ट नसेल तर सही करू नका.

आणि नाव. सर्टिफिकेटवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर मधलं नाव वडिलांचं. इथल्या माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. लग्न झालेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं प्रमाणित भाषांतर पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये हवं. लग्न ठरलंय आणि फाईल चालू आहे, अशा मुलींनी व्हिसा लागेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नये. सासरी हे आधीच बोलून ठेवा.