वहीत तीन, सातबाऱ्यावर दोन

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो तेव्हा वंशावळ वगैरे काही डोक्यात नव्हतं. रामकुंडावरचे विधी उरकले आणि गुरुजींनी विचारलं, "आडनाव? मूळ गाव?" सांगितल्यावर त्यांनी घरी फोन लावला. अर्ध्या तासात त्यांचा मुलगा स्कूटरवरून लाल कापडात बांधलेली एक वही घेऊन आला. आडनाव आणि गाव यांवरून त्यांनी पान काढलं, तेही माझा भाऊ पाण्याची बाटली आणायला गेला होता तेवढ्या वेळात.

त्या पानावर आमच्या घरचे दोन लेख होते. तीर्थोपाध्यायांकडे यजमान जे लिहून देतो त्याला लेखच म्हणतात. स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, भाऊ, मुलगे, गाव. वरचा लेख मोडीत होता. गुरुजी बोट फिरवत वाचत होते आणि मी शेवटच्या ओळीकडे बघत होते. तिथे सही नव्हती. एक छोटा नांगर काढलेला होता, चार रेघांचा, एक रेघ जरा थरथरलेली. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. मजकूर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला, पण तो नांगर त्यांच्या हातचा. त्यांचा फोटो नाही, काठी नाही, पागोटं नाही. ती चार रेघांची निशाणी तेवढी आहे.

खालचा लेख आजोबांचा, १९५४ सालचा, बाळबोध लिपीत. त्यात ते आणि त्यांचा भाऊ, दोघे. आम्हाला लहानपणापासून हेच माहीत. आजोबा धाकटे, मोठे आजोबा थोरले. दोन घरं, दोन चुली, जमिनीचे दोन हिस्से. पण वरच्या लेखात पणजोबांचे मुलगे तीन होते. मी गुरुजींना परत वाचायला सांगितलं. तीनच होते, आणि पहिलं नाव आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं.

(नावं मी इथे देत नाही. घरातल्या निम्म्या लोकांना हा सगळा उद्योगच पसंत नाही.)

लेखावर मिती होती, माघ शुद्ध ५, शके १८३८. मी मोबाईलवर ७८ मिळवले आणि माझ्या वहीत १९१६ लिहून ठेवलं. ते चुकलं. शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे माघातली मिती इंग्रजी वर्षाच्या पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत पडते आणि तिथे ७९ मिळवावे लागतात. म्हणजे लेख जानेवारी १९१७ चा. एका वर्षाने काय बिघडतं असं तेव्हा वाटलं होतं. पुढे त्याच एका वर्षावर सगळं अडलं.

घरी आल्यावर सर्वांत मोठ्या चुलतभावाला फोन केला. म्हटलं, वंशावळ काढतेय. पलीकडे शांतता. मग, "कशाला गं? काही कागद करायचेत का?" मी नाही म्हटलं. "नाही, म्हणजे हक्कसोड तर तू दिलेलं आहेस ना?" तेव्हा कळलं की आपल्याकडे लेकीने माहेरची वंशावळ मागितली की समोरच्याच्या डोळ्यांपुढे आधी सातबारा येतो. लेकींना बरोबरीचा हिस्सा देणाऱ्या २००५ च्या कायद्यानंतर तर जास्तच. त्याचाही दोष नाही. तलाठ्याकडे वंशावळ जोडावी लागते ती वारसनोंदीसाठीच, हौस म्हणून ती कोण काढतो? पण त्यानंतर मी तो शब्दच टाकून दिला. "जुन्या आठवणी लिहून काढतेय" म्हटलं की लोक चहा ठेवतात.

विचारायची पद्धतही चुकत-माकत जमली. "तुमच्या आजोबांचं नाव काय, त्यांना भाऊ किती?" असं विचारलं की म्हातारी माणसं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात. त्याऐवजी मी विचारायला लागले, कुणाचं सुतक धरायचात? महाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, कुणाकुणाची नावं घ्यायचे? आजीच्या लग्नात मुऱ्हाळी कोण आला होता? यातून नाती आपोआप पडतात. सुतक किती दिवसांचं, यावरून भाऊबंद की सोयरे हे कळतं, आणि ते एका फटक्यात दोन-तीन पिढ्या मागे नेतं. वर्षांचंही तसंच. सन कुणाला आठवत नाही, पण "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पोटुशी होते" म्हटलं की १९६७ चा डिसेंबर मिळतो.

आमची मोठी आत्या ८८ वर्षांची. ऐकू कमी येतं, पण आठवण शाबूत. तिला त्या तिसऱ्या भावाचं नाव सांगितलं. तिने मान हलवली, "न्हाई बाई, आसं कुणी न्हवतं." मग महाळाचं विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "महाळाला एक पान जास्त असायचं. माई परड्यात नेऊन ठिवायची."

"कोण माई?"

"आगं माई. माडीवरची."

माई म्हणजे कोण, हे मी अर्धा तास विचारत होते. आमच्या घरच्या सगळ्या पोरांना तिने आंघोळी घातल्या. दळणकांडण तिचं, गुरांचं तिचं. कपाळ मोकळं. १९६२-६३ च्या सुमारास वारली. आत्याला ती आजोबांची कुणीतरी लांबची बहीण वाटायची. धाकटी आत्या म्हणते, आश्रित होती. चुलतकाका म्हणतात, पणजीच्या माहेरची. एकाच छपराखाली वाढलेल्या तिघांची तीन उत्तरं. आणि नाव? तिघांनाही माईच्या पुढे काही माहीत नव्हतं.

आता कागद बघायचे ठरवलं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्या तिसऱ्या भावाचं नाव नव्हतंच, तो शाळेत गेलाच नसावा. आजोबांचं होतं, पण जन्मतारीख १ जून, त्या पानावरच्या जवळजवळ सगळ्या पोरांसारखी. तिच्यावर काय विश्वास ठेवायचा?

जन्ममृत्यूची गावपातळीवरची जुनी नोंद म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. गावात विचारलं तर उत्तर तयार होतं, "बेचाळीसच्या चळवळीत चावडी जाळली, दप्तर गेलं." आमच्या भागात हे खरं असू शकतं, म्हणून मी सहा महिने गप्प बसले. मग एका निवृत्त तलाठ्याने सांगितलं, अहो, चावडीतलं गेलं असेल, तालुक्याला गेलेलं कसं जळेल? तालुक्याला अर्ज दिला. तिथल्या बाबूंनी दोनदा "सापडत नाही" असं तोंडी सांगितलं. तिसऱ्यांदा मी ते लेखी मागितलं, तर आठ दिवसांत रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, सापडला. मधल्या काळात आणखी एक घोळ कळला. आमचं गाव आज सांगली जिल्ह्यात, पण हा जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा सातारा. काही फाइली म्हणून साताऱ्याला. तिथेही एक खेप झाली, हाती काही लागलं नाही.

पुण्याच्या पुराभिलेखागारातही एक दिवस घालवला. पेशवे दफ्तर तिथेच, मोडी कागद कोटींच्या घरात. पण वतन, इनाम किंवा काही तंटा असल्याशिवाय साध्या कुळवाड्याचं नाव तिथे कशाला येईल? आमचं आलं नाही.

कोतवाल बुकासाठी मी मोडी शिकायला लागले. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायला राज्यभर जुनी दप्तरं उघडली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांकडे रांगा लागल्या होत्या, माझा नंबर कधी लागणार? मुळाक्षरं पंधरवड्यात आली. वाचता येणं ही वेगळी गोष्ट. आधी पानभर ओळ मारून घ्यायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जायचं, अशी ती लिपी. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. 'अमुक बिन तमुक' मधला 'बिन' म्हणजे 'चा मुलगा' हे ऐकून माहीत होतं, पण सलग लिहिलेल्या ओळीत तो मी नावातच मिसळून वाचला आणि दोन आठवडे एका अशा माणसाचा माग काढला जो कधी जन्मालाच आला नव्हता. आमच्या मोडीच्या सरांनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, "छान नाव आहे."

१९१७ चं पुस्तक मी पूर्ण वाचलं. काही नाही. १९१८ चं उघडलं. जून, जुलै, ऑगस्ट, महिन्याला अर्धं-पाऊण पान. ऑक्टोबर लागला आणि पानं संपेनात. तारीख तीच, पुन्हा तीच, पुन्हा तीच. मरणाचं कारण, ताप. खाली ताप. त्याच्या खाली नुसत्या दोन टिंबांची खूण, म्हणजे वरीलप्रमाणे. सुरुवातीची नोंद घोटीव अक्षरात होती, महिनाअखेरीस अक्षर पार विस्कटलेलं. ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात तो हा इन्फ्लुएन्झा. देशात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली हे मी वाचलेलं होतं, पण त्या दोन टिंबांनी जे कळलं ते आधी कळलं नव्हतं. मानमोडीचा माग धरायचा तर लेखाची तारीख नक्की हवी होती. जानेवारी १९१७ ला तो तिसरा भाऊ जिवंत, नाशिकच्या वहीत. आणि १९१८ च्या ऑक्टोबरात, उलट्या पानावर, आमचं आडनाव, पणजोबांचं नाव 'बिन'च्या पुढे, आणि अलीकडे तो. वय २०. ताप.

सरांना मी तो फोटो पाठवला, त्यांनी 'बरोबर' एवढंच लिहिलं. मी बराच वेळ काही केलं नाही.

माईचा पत्ता फेरफारात लागला. पणजोबा वारले १९३१ ला. वारसाच्या फेरफारात, नमुना ६ मध्ये, त्यांचं नाव कमी करून दोन मुलांची लागली, दोघांतला मोठा ए.कु.क., म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. इथपर्यंत घरच्या माहितीप्रमाणेच. त्याखाली एक ओळ, 'इतर हक्क' म्हणून. अमुकबाई कोम तमुक, अन्नवस्त्र. 'कोम' म्हणजे बायको. आणि तमुक म्हणजे तापाने गेलेला थोरला.

एकत्र कुटुंबात मुलगा बापाच्या आधी वारला तर त्याच्या विधवेला तेव्हा हिस्सा नव्हता, पोसलं जाण्याचा हक्क होता. हिस्सा देणारा कायदा १९३७ चा, आणि तोही शेतजमिनीला लागू व्हायला आणखी काही वर्षं गेली. तिच्या सासऱ्याला त्याआधीच मरण आलं. पुढच्या सातबाऱ्यावर ती ओळही गळाली. १९१८ ला ती किती वर्षांची असेल? तेरा-चौदा, फार तर पंधरा. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं ती त्या माडीवर राहिली, आणि तिने अंगाखांद्यावर वागवलेल्या पोरांना ती आपली थोरली चुलती आहे हे कुणी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असेल असं मला वाटत नाही. सांगायची वेळ आली नसेल, मग सांगणारे गेले. चुलतभाऊ मात्र फेरफार बघून म्हणाला, "आता हे कशाला उकरून काढलंस?"

आत्याला मी गावी जाऊन सांगितलं. माईचं नाव कानात मोठ्याने, दोनदा. ती बाहेर परड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्या पानावर त्यो जेवायचा."

मग तिला आणखी आठवायला लागलं. माई नाचणीची भाकरी हातावरच करायची. पावसाला घाबरायची. आणि आजी चिडली की तिला 'कवठेकरीण' म्हणायची. म्हणजे माहेर कवठ्याचं. हे ऐकून मी खूश झाले आणि बाहेर येऊन नकाशा उघडला. एकट्या सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ, कवठे एकंद आणि कवठे पिरान. शिवाय लग्नात नाव बदलायची पद्धत, त्यामुळे फेरफारातलं नाव सासरचं. माहेरी ती वेगळ्याच नावाने असणार.

सुगीनंतर आमच्या भागात हेळवी येतात, पिढीजात वंशावळी सांगणारे. गेल्या साली आले तेव्हा मी पुण्यात होते. त्यांच्या चोपडीतही लेकी नसतात असं सगळे म्हणतात, तरी एकदा विचारायचंय.

परवा चुलतभावाचा आपणहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "कवठे एकंदला माझा एक दोस्त आहे. त्याची आजी नव्वदीची आहे. विचारू का?"

म्हटलं, विचार. फक्त वंशावळ म्हणू नकोस.