वाटणी दिराची झाली, कार्ड आमचं बंद पडलं

2025 च्या मे अखेर कंट्रोलवाल्या, म्हणजे रेशन दुकानाच्या, भाऊने मशीनमध्ये आमच्या रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आमच्या घरातलं एकही नाव तिथं नव्हतं. त्याने पुन्हा नंबर टाकला, मग माझा आधार नंबर टाकून पाहिला. "वहिनी, कार्डच दाखवून नाही राहिलं. माह्या हातात काही नाही, तुम्ही तहसीलले विचारा." मागे रांग होती. मी रिकामी पोती घडी करून पिशवीत घातली आणि बाजूला झाले.

तो महिना नेहमीसारखा नव्हता. पावसाळ्याच्या आधी जून, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचं धान्य एकदम वाटायचं असा केंद्राचा आदेश होता. आमचं केशरी कार्ड, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का. घरात पाच युनिट: मी, हे, सासूबाई आणि दोन लेकरं. माणशी 5 किलोप्रमाणे महिन्याचे 25, म्हणजे तिन्ही महिन्यांचे 75 किलो. हे धान्य 2023 च्या जानेवारीपासून फुकट मिळतं. त्याआधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलोने मिळायचा.

यवतमाळ जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू वावर असलेल्या घराला 75 किलो धान्य म्हणजे काय, हे मृगाच्या तोंडावरच कळतं. सरकीची एक थैली 2025 ला 901 रुपयांची होती, एकरी दोन थैल्या लागतात. वरून खत, ट्रॅक्टरचं भाडं. हातात असेल नसेल तो पैसा तेव्हा मातीत जातो आणि कापूस वेचायला येईपर्यंत, म्हणजे दसरा-दिवाळीपर्यंत, घरात काही येत नाही. ते मधले महिने आम्ही कंट्रोलच्या तांदळावर काढतो. आमच्यासारखी कितीतरी घरं काढतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या मजुरीवर आणि आमच्या कापसावर बाजार चालतो, मग पोटापुरतं धान्य हा आमचा हक्कच आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानेही तो मान्य केला आहे.

कार्ड बंद का पडलं, ते शोधायला लागले. दीर-जाऊ त्याआधीच्या हिवाळ्यात वेगळे निघाले होते. त्यांनी जुन्या कार्डातून स्वतःची तीन नावं कमी करायचा रीतसर अर्ज दिला होता. त्यांचं नवीन कार्ड झालं, धान्यही सुरू झालं. पण जुन्या कार्डातली तीन नावं कमी करायच्या ऐवजी कोणीतरी ते कार्डच बंद करून टाकलं. कागदावर सगळं बरोबर होतं. आमच्या हातातल्या कार्डावर त्या तीनच नावांवर रेघ आणि सही-शिक्का, बाकी पाच नावं जशीच्या तशी. चूक फक्त कॉम्प्युटरमध्ये होती.

हे मी तहसीलच्या पुरवठ्याच्या टेबलावर दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं, "नवीन अर्ज करून टाका. उत्पन्नाचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, हमीपत्र." ऐकायला सोपं वाटतं. बाहेरच सेतूवाला बसलेला असतो, तो लगेच फॉर्म भरून देतो आणि माणसाला वाटतं काम झालं. ही पोस्ट मी मुख्यतः याच जागेसाठी लिहिते आहे, कारण इथं आमच्या बचत गटातल्या दोन बाया अडकून बसल्या आहेत.

नवीन अर्ज केला की तुम्ही नवीन माणूस होता. गावातल्या प्राधान्य कार्डासाठी वर्षाचं उत्पन्न 44 हजाराच्या आत पाहिजे ही अट आहे, आणि आमचं तेवढंच आहे. पण अटीत बसलं म्हणून धान्य सुरू होत नाही. प्रत्येक राज्याला किती लोकांना धान्य द्यायचं त्याचा इष्टांक ठरवून दिलेला आहे. महाराष्ट्राचा इष्टांक 7 कोटी 16 हजार लोकांचा. तो 2011 च्या जनगणनेवर धरलेला आहे, त्यानंतर लोकसंख्या वाढली तरी आकडा तिथंच आहे. हाच इष्टांक जिल्ह्याला, तालुक्याला वाटून येतो. तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर तुमचं कार्ड होतं, नंबर मिळतो, पण धान्य मिळत नाही. "इष्टांक शिल्लक नाही, जागा झाली की घेऊ" असं सांगतात. आणि आपली जागा रिकामी झाली की ती दुसऱ्या कोणत्यातरी गरजू घराला जाते. त्या घराचाही दोष नाही. म्हणून जितका उशीर कराल तितकं परत येणं अवघड होतं.

मी नवीन फॉर्म भरला नाही. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटात सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच बाई) म्हणून काम करते, त्यामुळे अर्ज लिहायची सवय आहे. कोऱ्या कागदावर विषय लिहिला: "चुकीने बंद झालेली शिधापत्रिका पूर्ववत करणेबाबत." खाली तीनच गोष्टी लिहिल्या. नावं कमी करायचा अर्ज फक्त तीन माणसांचा होता, बाकीच्या पाच जणांनी कधीही नाव कमी करायला सांगितलेलं नाही, आणि अमुक महिन्यापर्यंत आम्ही याच कार्डावर धान्य उचललेलं आहे. सोबत कार्डाची झेरॉक्स, दिराच्या नव्या कार्डाची झेरॉक्स आणि मशीनमधून निघालेली शेवटची पावती जोडली. ती पावती माझ्याकडे होती याचं मोठं समाधान वाटलं. त्या कागदावरची शाई चार-दोन महिन्यांत उडून जाते. मी तिचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवते आणि गटातल्या सगळ्यांना तेच सांगते.

अर्ज दिला की पोच घ्यायची. टेबलावरचा माणूस "ठेवून जा, पाहतो" म्हणाला तरी आवक विभागात जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पुढच्या वेळी त्या टेबलावर दुसराच माणूस असतो, आणि शिक्का असलेला कागद पाहिला की बोलायची रीत बदलते. "तुमचा अर्जच नाही आला" हे वाक्य मग कोणाला बोलता येत नाही.

इकडे चूल थांबत नव्हती. जावेने तिच्या वाट्यातला तांदूळ दिला, न मागता. "घर वेगळं झालं, पोट थोडीच वेगळं झालं," म्हणाली. शेजारच्या काकूंकडून पायलीने ज्वारी आणली, ती वहीत लिहून ठेवली. किराण्याच्या दुकानात तांदूळ 40 रुपये किलो, आणि निंदणाची रोजी तेव्हा 250. पाच माणसांच्या घरात दिवसाला दीड-दोन किलो धान्य लागतं, म्हणजे रोजीतला चांगला हिस्सा नुसत्या भाताला. तेल, मीठ, चहापत्ती आणखी वेगळं. ज्वारी भरडून कण्या शिजवल्या. कण्या फुगतात, त्यावर ताक किंवा पातळ वरण घातलं की लेकरं पोटभर खातात. पहिल्या दोन पावसांनंतर धुऱ्यावर तरोटा उगवला. कोवळा असताना खुडून, उकडून पिळायचा आणि लसूण-मिरचीत परतायचा. भाजीचा खर्च त्या महिन्यात जवळपास नव्हताच.

आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्या दिवसाची मी वाट पाहत होते, कारण शाळा उघडली की पोरीचं एक वेळचं जेवण शाळेत होतं. लहान्याला अंगणवाडीतून मिळतं. राहिले आम्ही तिघं. सासूबाई रात्री दुसरी भाकर घेईनाशा झाल्या. "भूक नाही" म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदलेली, वेचलेली बाई ती. पासष्टीत तिने सुनेसाठी आणि नातवांसाठी भाकर मोजून खावी, याचं मला अजून वाईट वाटतं. ज्याने कोणी ते बटण दाबलं त्याला हे ताट दिसलं नाही.

पावसाच्या उघडिपीत तहसीलला जाऊन येत राहिले. एसटीचं भाडं महिलांना अर्धं आहे, त्याचा आधार झाला, पण गेलेल्या दिवसाची रोजी परत येत नाही. 1967 या हेल्पलाईनवरही तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर अर्जाच्या पोचेवरच लिहून ठेवला. शेवटी पुरवठ्याच्या नायब तहसीलदार मॅडमनी दोन्ही कार्डं समोरासमोर ठेवून पाहिली आणि नवीन अर्ज न मागता दुरुस्ती करायला सांगितली. श्रावणात आमची नावं परत दिसायला लागली. मॅडमनी समजून घेतलं म्हणून झालं. दुसऱ्या टेबलावर तोच कागद कितीतरी दिवस पडून होता.

नावं आली आणि लगेच पुढची अडचण निघाली: केवायसी, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं. माझा आणि ह्यांचा अंगठा लागला. सासूबाईंचा काही केल्या लागेना. कंट्रोलवाल्याने त्यांचा हात लुगड्याच्या पदराने पुसायला सांगितला, मग ओल्या कपड्याने, मग दुसरं बोट, तिसरं बोट. मी पहिल्यांदा त्यांच्या बोटांकडे नीट पाहिलं. कापसाच्या बोंडाच्या पाकळ्या वाळल्या की टोकं सुईसारखी होतात. वेचताना नखांच्या कडेला आणि बोटांच्या शेंड्यांना ती सारखी लागतात, चिरा पडतात, भरतात, त्याच जागी पुन्हा पडतात. त्यांच्या अंगठ्याचा शेंडा गुळगुळीत झाला आहे, आणि जिथं रेघा उरल्या तिथं आडव्या काळ्या चिरा आहेत. मशीन त्यात काय वाचणार? "माहं बोटच नाही राहिलं का वं?" असं त्या मला विचारत होत्या.

अशा वेळी घरी परत जायचं नाही. डोळ्याची बुबुळं वाचणारं यंत्र मागायचं. ते नसेल तर मोबाईलवर चेहरा दाखवून केवायसी करता येते, त्यासाठी "मेरा ई-केवायसी" नावाचं अ‍ॅप आहे आणि त्यासोबत आधारचं फेस आरडी हे चेहरा ओळखणारं दुसरं अ‍ॅपही मोबाईलमध्ये टाकावं लागतं. आमच्या सासूबाईंचं तसंच झालं. अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं, डोळे उघडझाप करायला सांगितलं आणि दुसऱ्या खेपेला हिरवी खूण आली. आधारची जुळणी होत नाही एवढ्यासाठी पात्र माणसाला धान्य नाकारू नका, नाव कापू नका, असं केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना 24 ऑक्टोबर 2017 च्या पत्राने कळवलेलं आहे. झारखंडात त्याच वर्षी कार्ड रद्द झालेल्या घरातली अकरा वर्षांची पोर गेली, देशभर आरडाओरड झाली, त्यानंतरचं ते पत्र. मी त्याची प्रिंट काढून पिशवीत ठेवली आहे.

पोरीचं वेगळंच निघालं. तिचं आधार ती तीन वर्षांची असताना काढलेलं. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांचे ठसे घेतच नाहीत, फक्त फोटो घेतात. पाच वर्षांनंतर ठसे आणि डोळे द्यावे लागतात, ते दिले नसतील तर केवायसी होत नाही. पाच ते सातच्या दरम्यान ते फुकट होतं. आमच्या वस्तीत याच कारणाने बऱ्याच घरांची एक-दोन युनिट गळाली आहेत आणि आईबापाला वाटतं कंट्रोलवाला कमी देतो. मग दुकानावर भांडण होतं. भांडायच्या आधी पावतीवर किती युनिट लागली ते बघावं. युनिट पूर्ण असून धान्य कमी मिळालं, तर मात्र नक्की भांडावं.

आता राहिलं ते 75 किलो. कार्ड सुरू झालं तेव्हा तिन्ही महिन्यांचं वाटप संपलेलं होतं आणि "मागचं मिळत नाही" असं मला तोंडी सांगितलं. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 8 म्हणतं की हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्या माणसाला अन्न सुरक्षा भत्ता मिळाला पाहिजे. कलम 15 प्रमाणे जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्यावर राज्य अन्न आयोग. मी कलम 8 लिहून जिल्ह्याला अर्ज दिला आहे, त्याची पोच आहे, उत्तर अजून आलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, कार्ड सुरू झालं ना, सोड आता. मी सोडणार नाही. काकूंची ज्वारी मला अजून फेडायची आहे, आणि ती मी माझ्या निंदणाच्या पैशातून का फेडू?

आमच्या गटात आता महिन्याच्या बैठकीत बचतीच्या पासबुकासोबत प्रत्येकीची कंट्रोलची पावतीही बघतो. ज्यांच्या घरी यंदा वाटणी झाली, सून आली, लेक सासरी गेली किंवा कोणी वारलं, त्यांनी नाव कमी-जास्त झाल्याबरोबर स्वतःच्या कार्डाचा नंबर मशीनवर टाकून बघायला सांगावं. धान्य घ्यायच्या दिवसाची वाट पाहू नये. माझा अर्ज जसाच्या तसा ज्यांना पाहिजे असेल त्यांना देते, विषयाची ओळ मात्र बदलू नका.