लेकीचा दहावा वाढदिवस आणि कौन्सिलचं घर

नवरा गेला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती, मुलगा सहाचा. पश्चिम लंडनमधलं दोन बेडरूमचं भाड्याचं घर एकटीच्या पगारात परवडेना, म्हणून आम्ही तिघं एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आलो. मी आणि लेक आतल्या खोलीत, मुलगा हॉलमध्ये सोफ्यावर. तात्पुरतं म्हणून आलो आणि जवळपास पाच वर्षं तिथेच काढली.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरासाठी अर्ज करावा, हे कामावरच्या मैत्रिणीने सुचवलं. ओळखीच्या एका मावशी म्हणाल्या, "अगं, आपल्यातलं कोण राहतं तिथे?" ते मनाला फार लागलं, आणि त्यापायी अर्ज करायला मी काही महिने उशीर केला. ते महिने आजही डाचतात.

मी मुंबईत वाढलेली. घराचा अर्ज म्हटला की डोळ्यांसमोर म्हाडाची सोडत यायची. उत्पन्न गट बघायचा, अनामत भरायची, नशिबात असेल तर नाव निघायचं. इथे सोडत नाही, आणि घर मिळतं तेही मालकीचं नाही, भाड्याचं. बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी भाड्यात राहायला मिळतं. ते कोणाला आधी द्यायचं, हे प्रत्येक कौन्सिल आपापल्या नियमांनी ठरवते. मात्र 1996 च्या हाउसिंग ॲक्टने पाच प्रकारच्या लोकांना प्राधान्य द्यायलाच लावलं आहे. बेघर असलेले, कौन्सिलवर ज्यांची बेघर म्हणून जबाबदारी आली आहे असे, दाटीवाटीच्या किंवा राहायला अयोग्य घरातले, आजारपण वा अपंगत्वामुळे घर बदलणं भाग असलेले, आणि विशिष्ट भागात राहायला गेलं नाही तर ज्यांचे हाल होतील असे.

त्याआधी पात्रता बघतात. 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, हा शिक्का असलेल्या व्हिसावर हे घर मिळत नाही. आम्हाला कायम वास्तव्याचा परवाना होता. 2011 च्या लोकलिझम ॲक्टनंतर स्थानिक वास्तव्याची अटही कौन्सिलला ठरवता येते. आमच्या बरोची, म्हणजे लंडनमधल्या आमच्या प्रभागाच्या कौन्सिलची, अट सलग पाच वर्षांची होती, ती आम्ही जेमतेम पूर्ण करत होतो.

जानेवारी 2021 मध्ये अर्ज केला. पत्र आलं: बँड सी. बँड म्हणजे गरजेप्रमाणे लावलेला गट, बीचा नंबर सीच्या आधी. मला वाटलं होतं, एका बेडरूमच्या घरात तिघं म्हणजे आमची अडचण कोणालाही दिसेल. पण दाटी मोजायची मापं दोन आहेत. 1985 च्या कायद्याचं माप जुनं आणि फार कडक. त्यात हॉलसुद्धा झोपायची खोली धरतात आणि दहा वर्षांखालचं मूल अर्धं माणूस. त्या हिशोबाने दोन खोल्यांत तीन माणसं चालतात, आणि आम्ही भरलो दोन! दुसरं माप बेडरूमचं. त्यात दहा वर्षांखालची दोन मुलं, मुलगा-मुलगी असली तरी, एका खोलीत धरतात. म्हणजे आम्हाला दोन बेडरूम हव्यात, आहे एक. एक कमी म्हणजे बँड सी.

जून 2021 मध्ये लेक दहा वर्षांची झाली. घरीच केक केला, मैत्रिणी आल्या. त्या दिवसापासून भावासोबत तिची खोली धरता येत नव्हती. आता तीन बेडरूम हव्या होत्या, म्हणजे आम्ही दोन बेडरूमनी कमी पडत होतो आणि आमच्या कौन्सिलच्या नियमानुसार बँड बीमध्ये बसत होतो. मला हे कोणी सांगितलं नाही. जन्मतारीख त्यांच्याकडे होती, तरी त्यांच्याकडून कधी पत्र आलं नाही. मी बँड सीमध्येच दर आठवड्याला रिकाम्या घरांवर बिड लावत, म्हणजे 'हे घर आम्हाला हवं' असं नोंदवत राहिले. यादीत आमचा नंबर कधी दीडशेवा, कधी दोनशेवा.

ऑगस्ट 2022 मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत गेले, खरं तर विजेच्या बिलासाठी. तिथल्या वयस्कर बाईंनी सहज विचारलं, "मुलगी केवढी आहे?"

"अकराची."

"मग कौन्सिलला कळवलंत का?"

त्यांनी तिथेच बसून परिस्थिती बदलल्याचा फॉर्म भरून घेतला. बँड बी मिळाला, पण तारीख लागली फॉर्म भरल्याची, वाढदिवसाची नाही. एकाच बँडमधल्या दोघांनी एका घरावर बिड लावली, तर ज्याची तारीख आधीची त्याला ते घर मिळतं. आमचे चौदा महिने गेले. मी लेखी फेरविचार मागितला, तो फेटाळला गेला. त्या रात्री रडू आवरलं नाही.

मुलाच्या दम्याचाही अर्ज केला होता. डॉक्टरांच्या पत्रात 'दमा आहे, इनहेलर चालू आहे' एवढंच होतं, त्याला काही किंमत मिळाली नाही. भिंतीवरच्या बुरशीमुळे दमा किती वेळा उसळतो, हे पत्रात हवं होतं. आजार किती मोठा, यापेक्षा हे घर त्या आजाराचं काय करतं, हे ते बघतात. तुम्ही या वाटेवर असाल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. आणि घरात मूल जन्मलं, कोणी दहा वर्षांचं झालं, आजार वाढला, तर त्याच दिवशी कळवा. आठवण करून देणारं कोणी नसतं.

2024 मध्ये इंग्लंडच्या याद्यांवर 13 लाखांहून अधिक कुटुंबं होती. 1980 पासून भाडेकरूंना कौन्सिलची घरं सवलतीत विकत मिळाली, त्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. तीन बेडरूमचं घर आमच्या भागात क्वचितच निघायचं. एक खोली कमी घ्यायची तयारी असेल तर तसं बिड लावता येतं, हे कळल्यावर मी दोन बेडरूमच्या घरांवर लावायला लागले. नंबर एकोणतीस, अठरा, नऊ. पहिल्यांदा पाहायला बोलावलं, तेव्हा आमच्या पुढच्या कुटुंबाने ते घर घेतलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये किल्ल्या मिळाल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भिंती कोरड्या. दोन्ही मुलांना एकेक खोली दिली, मी हॉलमध्ये झोपते. लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. सामान आत यायच्या आधीच तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि मी बाहेर खोके धरून तशीच थोडा वेळ उभी राहिले.