वेंगुर्ल्यात राहून सीए इंटरचा अभ्यास

सीए करायचं तर पुण्या-मुंबईला जायलाच हवं, असं आमच्याकडे अजूनही मानतात. मी गेले नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या घरी राहूनच इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप एकदम दिले, सप्टेंबर २०२४ ला, आणि दोन्ही निघाले. व्याख्यानं मोबाइलवर ऐकली. सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेचं स्टडी मटेरियल, आरटीपी (उजळणीच्या प्रश्नपत्रिका), मॉक टेस्टचे पेपर, मागच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स (संस्थेनेच दिलेली नमुना उत्तरं) हे सगळं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट असतं, तेच वापरलं. घरी मिळत नाहीत ती फक्त शेजारी बसून पेपर लिहिणारी मुलं. त्यामुळे लिहायची सवय आपली आपणच लावून घ्यावी लागते, आणि माझ्या मते निकाल तिथेच ठरतो.

परीक्षेचं गणित आधी नीट समजून घ्या. इंटरला सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप, प्रत्येक पेपर १०० गुणांचा. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपची बेरीज ३०० पैकी १५० लागते. म्हणजे तिन्ही पेपरांत काठावर ४० पडले तर बेरीज १२० होते आणि ग्रुप जातो. एखादा विषय चांगला येत असेल तर त्यात ६०-६५ काढायचेत हे सुरुवातीलाच ठरवून टाकावं. दोन्ही ग्रुप एकत्र दिले की एका ग्रुपचे जादा गुण दुसऱ्याच्या मदतीला येतात, म्हणून मी एकत्रच द्यायचं ठरवलं. प्रत्येक पेपरात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे असतात आणि इंटरला चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. राहिलेले ७० मात्र हातानेच लिहून मिळवायचे.

माझी पद्धत अशी. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि जेवढं आठवेल तेवढं लिहायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनने त्याच कागदावर भरायचं. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने तोच धडा नव्या कोऱ्या कागदावर. लाल शाई कमी होत गेली की तो धडा बाजूला. पुन्हा पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, कारण मजकूर ओळखीचा झालेला असतो. परीक्षेत तो समोर नसतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासून दाखवलं. पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने पाहिलं तर न बघता आठवून काढणारेच पुढे होते. सीएच्या अभ्यासक्रमाला हे फारच लागू पडतं. पहिला पेपर झाल्यावर ऑडिटचं पुस्तक हातात यायला कित्येक दिवस जातात.

लाल शाई सगळ्यात जास्त लागते ती आकड्यांना. कंपनीच्या लाभांशाचंच बघा. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा, न दिलेली रक्कम पुढच्या ७ दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची, तिथे ७ वर्षं पडून राहिली तर गुंतवणूकदार निधीकडे. कर्जाचा बोजा नोंदवायलाही ३० दिवस. असे आकडे समजून घेतले तरी निसटतात. ते मी एका मोठ्या कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावले होते.

पण नुसत्या पाठांतरावर कॉस्टिंग आणि टॅक्स निघत नाही. तिथे मला घराने शिकवलं, आणि याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

आमची काजूची बाग आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं. आई हंगामात कारखान्यात गर निवडायला जाते. कॉस्टिंगमधला जॉइंट प्रॉडक्टचा, म्हणजे एकाच कच्च्या मालातून एकदम निघणाऱ्या अनेक उत्पादनांचा, धडा मला पुस्तकातल्या 'उत्पादन अ' आणि 'उत्पादन ब' वरून डोक्यात शिरत नव्हता. एका संध्याकाळी मी आईला विचारलं, एका पोत्यातून अख्खा गर, पाकळी, तुकडा, कणी असं सगळं निघतं, तर बियेचा खर्च सगळ्यांवर किलोमागे सारखाच टाकायचा का? आई लगेच म्हणाली, "बी एकच, पण भाव एकच असता काय गो?" त्या एका वाक्यात अख्खा धडा होता. वजनावर खर्च वाटला तर कणी कायम तोट्यात दिसते आणि अख्खा गर आहे त्याहून जास्त नफ्याचा. विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटला तर चित्र खरं होतं. टरफलातून निघणारं तेल हे उपउत्पादन, त्याची निव्वळ किंमत एकूण खर्चातून वजा करायची. वाळवताना वजन घटतं तो नॉर्मल लॉस, त्याचा भार चांगल्या मालावर. पोती पावसात भिजून फुकट गेली तर तो अॅबनॉर्मल लॉस, तो थेट नफातोटा खात्यात. पुढे कुठलंही गणित आलं तरी मी मनात कारखान्याचं नाव घालून सोडवायची.

जीएसटीतला रिव्हर्स चार्जही आमच्या अंगणातच सापडला. न सोललेली काजू बी शेतकऱ्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकली तर कर भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. बाबा ज्यांना बी विकतात ते व्यापारी नोंदणीकृत आहेत, म्हणजे कर त्यांनी भरायचा. पण गावात घरोघरी फिरून बी गोळा करणारा, नोंदणी नसलेला माणूस तीच बी पुढे विकतो तेव्हा विकणारा शेतकरी नसतो, मग हा नियम लागत नाही. परीक्षेतले प्रश्न नेमके अशाच फटीत असतात. शेतकरी कोणाला म्हणायचं याची व्याख्या कायद्यात आहे: स्वतः, घरच्यांच्या किंवा देखरेखीखालच्या मजुरांच्या श्रमाने जमीन कसणारी व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब. ती एकदा बाबांकडे बघून वाचली, नंतर विसरले नाही.

आयकरात शेतीचं आणि धंद्याचं उत्पन्न वेगळं करायचा एक नियम आहे. पुस्तकात ऊस आणि साखर कारखाना. मी त्या जागी हापूस आणि पल्प घातला. स्वतःच्या बागेतला आंबा स्वतःच्याच कॅनिंगला गेला, तर आंब्याचा बाजारभाव धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो आणि बागेचा नफा शेतीच्या बाजूला राहतो. तुमच्याकडे मासळी असेल, बर्फाचा कारखाना असेल, कोकमाचं आगळ असेल, तर गणितं त्यावर रचा. मला यापेक्षा उपयोगी काही सापडलं नाही.

भाषेचं सांगायलाच हवं. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही, आणि माझी दहावीपर्यंतची शाळा मराठी. कायदा आणि ऑडिटमध्ये हे जड जातं. मी आधी मुद्दा मराठीतून मोठ्याने समजावून सांगायची, समोर कोणी असो नसो. मग इंग्रजीत तीन छोटे परिच्छेद: कायदा काय म्हणतो, दिलेल्या प्रसंगाला तो कसा लागतो, निष्कर्ष काय. कलमाचा क्रमांक खात्रीचा असेल तरच. वाक्यं साधी आणि लहान. सजेस्टेड आन्सर्समधली ठरावीक वाक्यं मात्र जशीच्या तशी घोटली, विशेषतः ऑडिटच्या स्टँडर्ड्सची. तिथे स्वतःचे शब्द वापरण्यात मला काही शहाणपणा वाटत नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एक पूर्ण पेपर, दुपारी २ ते ५, परीक्षेच्याच वेळेला. जेवल्यावर डोळ्यांवर झोप येते आणि पावसात वीजही जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा शेजारी. १०० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे १४ गुणांच्या प्रश्नाला साधारण २५. वेळ संपली की गणित अर्धं टाकून पुढच्यावर जायचं. वर्किंग नोट्स नीट असतील तर अर्ध्या गणितालाही गुण मिळतात. सावंतवाडीतले एक सीए सर माझे पेपर तपासून द्यायचे. आपला पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्या, ओळख नसेल तर जाऊन विचारा. आपल्याकडची माणसं नाही म्हणत नाहीत.

२०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि परीक्षा त्याच महिन्यात. कोकणात चतुर्थीला अभ्यासाची खोली राहतच नाही. मुंबईची काका-काकू, मुलं, रात्री भजन. मी ऑगस्टअखेरपर्यंत सहाही विषयांची उजळणी संपवून ठेवली होती. सणाच्या दिवसांत पहाटे घर जागं व्हायच्या आत फक्त जुने लाल शाईचे कागद चाळायचे, दिवसभर घरच्यांबरोबर. आरतीला मी रोज उभी होते. काकूने माझ्या वाटणीची कामं न सांगता उचलली, हे मी विसरणार नाही. केंद्र गोव्यात होतं, मडगावला मावशीकडे राहिले. पेपरच्या आधी वाचायला १५ मिनिटं मिळतात, त्यात फक्त एवढंच ठरवायची की कोणता प्रश्न सोडायचा.

आता इंटर जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. सप्टेंबर निवडणार असाल तर जीएसटीतले बदल साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंतचे लागतात, संस्थेचं स्टॅट्युटरी अपडेट, म्हणजे कायद्यातल्या बदलांचं टिपण, बघून घ्या. मात्र सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या मुलांना मी जानेवारीच सुचवेन. पाऊस आणि चतुर्थी मागे पडलेली असते, काजू-आंब्याचा हंगाम अजून सुरू व्हायचा असतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर सलग अभ्यासाला मिळतात.