कट्टे उचलणारा पिवळा हात

परवा जेवताना भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, एप्रिल २०२५ चा, बीजिंगमधे माणसांच्या बाजूनं रोबोट पळून राहिले २१ किलोमीटर, आणि त्यातला पहिला २ तास ४० मिनिटांत पोचला. मधे काही पडले पण. भाचा म्हणे मामा, हे आपल्या इकडे आले की तुमच्या कंपनीतल्या लोकांचं काय होईल? आई म्हणाली आधी जेव तू. पण माझा घास तिथंच अडकला, कारण हाच प्रश्न मला ३ वर्षांपूर्वी एका माणसानं विचारला होता आणि तेव्हा मी खाली पाहिलं होतं.

मी नागपूरजवळ बुटीबोरीत एका पशुखाद्याच्या कारखान्यात मेंटेनन्स पाहतो. ढेप, मका, कोंडा, मळी एकत्र करून कांडी बनते, ५० किलोच्या कट्ट्यात भरते, शिलाई होते आणि बेल्टवरून पुढे येते. तिथून उचलून पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीवर, रचायचं काम आधी ठेकेदाराची माणसं करायची, एका पाळीत सहा जण. एका माणसाच्या हातून पाळीत किती कट्टे जातात हे मी एकदा नुसतं उभं राहून मोजलं, ३०० च्या वर. म्हणजे १५ टन झाले, एका माणसाचे, एका दिवसाचे. आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, वर टिनाचं शेड, बाहेर ४५ डिग्री. चाळिशीत त्या लोकांची कंबर जाते, दवाखान्यात जायला सुट्टी घेतली तर रोजी कटते.

मग पिवळा हात आला, कट्टे उचलणारा रोबोट. त्याला आपण एकेक पॉइंट शिकवतो, हातात पेंडंट, म्हणजे बटणांचा रिमोट घेऊन, इथून उचल, इतका वर जा, इथं ठेव, दुसऱ्या थराला ९० डिग्री फिरव. एकदा शिकला की तासाला ६०० कट्टे, रात्री पण आणि उन्हात पण. मला खरंच आनंद झाला होता त्या दिवशी, लपवत नाही. कट्टेवाल्यांमधले सगळ्यात जुने एक काका, रामटेककडचे, जाळीच्या बाहेर उभे राहून पाहत होते. म्हणाले, "लय चांगला आहे जी हा, कंबर वाचली माही." मग जरा वेळानं म्हणाले, "पण साहेब, उद्यापासून येऊ का नको?"

सहातले दोघं राहिले, रिकामे पॅलेट लावायला आणि फाटलेले कट्टे काढायला. चौघांना ठेकेदारानं सांगितलं दुसऱ्या साइटवर पाठवतो. कंपनीच्या रजिस्टरवर ते कधी नव्हतेच, म्हणून कागदावर कोणालाच काढलेलं नाही. काका आता कळमन्याच्या मार्केटमधे धान्याचे कट्टे वाहतात, मला भेटले होते मागच्या दिवाळीत, पट्टा बांधला होता कमरेला. रोबोटचा फायदा झाला का, तर झाला, पण ज्याच्या कमरेचं नाव सांगून तो मंजूर करून घेतला होता त्या कमरेला नाही झाला. हे मला झोपू देत नाही.

माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमधे, कापडाच्या गिरणीत होते, आजी सांगायची की भोंगा वाजला की अख्खी वस्ती घड्याळ लावायची. ती मिल १८७७ ला सुरू झाली, जमशेदजी टाटांची, आणि नवी मशीन आणायला ते कधीच घाबरले नाहीत, सूत कातायचं नवं रिंग स्पिंडल त्यांनी नागपुरात बसवलं तेव्हा तिकडे इंग्लंडमधले लँकशायरचे गिरणीवाले अजून विचारच करत होते. पण त्याच मिलनं १८८६ ला पेन्शन फंड काढला आणि १८९५ ला अपघात झाला तर भरपाई द्यायचं ठरवलं. सरकारचा भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं, म्हणजे २८ वर्षं आधी नागपुरात ते झालं होतं. मशीन आणि माणसाची सोय दोन्हीचा विचार एकाच डोक्यात होऊ शकते हे आपल्याच गावानं पाहिलंय. आज त्या जागेवर मॉल आहे, आणि आम्ही रोबोट आणतो तेव्हा फाइलमधे पेबॅकचे, म्हणजे पैसा वसूल व्हायचे महिने असतात, त्या चौघांचा एक कागद पण नसतो.

आता धोक्याचं सांगतो. लोकांना वाटते रोबोट डोकं चालवून आपल्यावर उठेल. मी जे पाहिलं ते सांगतो. रोबोटच्या भोवती जाळी असते, जाळीला गेट, गेटला स्विच आणि त्या स्विचची चावी गेटच्या पल्ल्याला लागलेली असते, गेट उघडलं की चावी निघते आणि हात थांबतो. आमच्याकडे प्रॉडक्शनच्या घाईत कोणीतरी एक स्पेअर चावी त्या स्विचमधे कायमची खुपसून ठेवली होती. गेट उघडं, रोबोटला वाटे बंद आहे. एक कट्टा बेल्टवर आडवा अडकला, हात थांबलेला, पोट्टा आत गेला, वाकून कट्टा सरकवला, सेन्सर मोकळा झाला आणि हात फिरला. तो पोट्टा वाकलेला होता म्हणून वाचला, डोक्यावरून गेला हात, टोपी उडाली. रोबोट बंद नव्हता, कट्ट्याची वाट पाहत होता, पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसते ना.

रोबोटमुळे गेलेला पहिला माणूस म्हणून ज्याची नोंद आहे तो पण असाच गेला, २५ जानेवारी १९७९, अमेरिकेत मिशिगनमधे फोर्डच्या कास्टिंग प्लांटमधे, २५ वर्षांचा होता, रॅकमधे पार्ट काढायला चढला आणि मागून मशीनचा हात लागला. इतक्या वर्षांनंतर बुटीबोरीत आपण तीच चूक करून राहिलो. त्या दिवसापासून ती स्पेअर चावी माझ्या टेबलच्या ड्रॉवरमधे आहे, कुलूप लावून.

आणि हा तर मुका रोबोट, शिकवलं तेवढंच करतो, म्हणून त्याला जाळीत ठेवता येते. भाच्याच्या व्हिडिओतल्यांसारखे पुढे जे येतील ते माणसाचं पाहून शिकणारे, आपल्यामधे फिरणारे, त्यांना जाळी कुठं लावणार? माणसाजवळ काम करणाऱ्या रोबोटसाठी, त्याला कोबॉट म्हणतात, २०१६ ला आयएसओ या जगभराची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ठरवून दिलं की शरीराच्या कोणत्या भागाला किती जोरानं लागलं तर चालते, तेवढं मोजून ते थांबतात. पण जो उद्या काय करेल हे त्याला बनवणारा पण नक्की सांगू शकत नाही, त्याच्यानं काही झालं तर जबाबदार कोण, वेंडर, मालक, का मी, पेंडंट धरणारा? हे मशीन उतरवायच्या आधी लिहून ठेवायला पाहिजे.

पण म्हणून रोबोट नको असं मी बिलकुल म्हणणार नाही. बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ ला स्फोटकांच्या कारखान्यात ९ जण गेले, त्यात ६ बाया होत्या, आणि त्यानंतर सहा महिने पण नाही झाले तर १३ जून २०२४ ला धामण्याला परत स्फोट. दोन्ही ठिकाणं माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहेत. तिथं माणसाचा हात लागायलाच नको, तिथं पाहिजे हा पिवळा हात, कितीही महाग असो. गटाराचं पण तेच. माणसाला गटारात उतरवू नका असा २०१३ चा कायदा आहे, सुप्रीम कोर्टानं २०२३ मधे मेलेल्याच्या घरच्यांची भरपाई ३० लाख केली, तरी माणसं उतरूनच राहिली. केरळच्या पोरांनी बँडिकूट नावाचा रोबोट बनवला, कॅमेरा आणि गॅसचा सेन्सर घेऊन मॅनहोलमधे उतरतो, आणि मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे की आधी जे स्वतः आत उतरायचे त्यांनाच वर उभं करून ऑपरेटर करतात. बस, मला एवढंच म्हणायचं आहे, रोबोटला आधी मरणाच्या कामावर लावा आणि ज्याचं ते काम होतं त्याच्याच हातात पेंडंट द्या.

आता आमच्याकडे दुसऱ्या रोबोटची फाइल सुरू आहे. प्रस्ताव आहे मिनरल मिक्श्चरच्या पॅकिंगसाठी, १ किलोचे पाउच, तिथं बारा बाया बसून काम करतात, पंखा आहे, धोका काही नाही, बहुतेकींचं घर त्या पगारावर चालते. आणि तिकडे मळीची टाकी अजूनही माणूस आत उतरून धुतो, वर्षातून दोनदा, ऑक्सिजन मोजायचा, दोर बांधायचा, वर एक माणूस उभा आणि मी त्या पूर्ण वेळ श्वास धरून. टाकी बाहेरून धुणाऱ्या मशीनचं कोटेशन मी स्वतः मागवलं आणि पाउचच्या फाइलला वरून लावून दिलं, सोबत एक पान लिहिलं, त्यात टाकी धुणाऱ्या दोघांची नावं टाकली ऑपरेटर म्हणून. साहेब म्हणाले याच्यात पेबॅक कुठं आहे. मी म्हटलं सर, पुढच्या टाकीच्या दिवशी तुम्ही वर उभे राहा माझ्यासोबत.

मीटिंग गुरुवारी आहे.